दहावा पापुद्रा

नदीकाठी एक साखर कारखाना होता. दिवाळी झाली की त्याचा भोंगा वाजायचा, गव्हाणीत पहिली मोळी पडायची, आणि मग चार-पाच महिने त्याची चाकं रात्रंदिवस फिरत राहायची.

त्या कारखान्यात एक म्हातारा कामगार होता. सगळे त्याला नाना म्हणायचे. वाफेच्या दाबाचे काटे, तापमानाचे सेन्सर आणि त्यांच्या मैलभर पसरलेल्या वायरी, हे सगळं नानांच्या हाताखालचं. तीस हंगाम त्यांनी पाहिले होते. हा शेवटचा होता.

नानांची एक सवय होती. कोणतंही यंत्र उघडायचं झालं की ते आधी जमिनीवर जुन्या धोतराचा एक पांढरा तुकडा अंथरायचे. काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर त्यावर ओळीने मांडायचा. काम संपलं की कापड रिकामं झालं पाहिजे. नवं यंत्र बसवायचं असेल तर त्याच्या खोक्यातून निघालेला कचराही त्यावरच पडायचा, आणि नाना तोही मोजायचे. नोकरीच्या पहिल्या हंगामात एक नट गिअरबॉक्समध्ये राहून गेला होता. गिअरचे दात गेले आणि मिल दीड दिवस बंद पडली. तो नट नानांच्या हातून राहिला नव्हता, पण मोजायची सवय तेव्हापासून लागली ती लागलीच.

मिल हाउसमध्ये एक कॉम्प्युटर होता. ऑफिसात असतो तसलाच, साधा. रोलरच्या बेअरिंगचं तापमान, वाफेचा दाब, टर्बाइनचा वेग, हे सगळं तो पडद्यावर दाखवायचा. पण मिल हाउस म्हणजे ऑफिस नव्हे. १०० किलो ऊस गाळला की साधारण २८ ते ३० किलो बगॅस, म्हणजे चोथा, निघतो, आणि त्याचा बारीक भुसा हवेत तरंगत राहतो. कॉम्प्युटरचा पंखा बाहेरची हवा आत ओढायचा. हवेबरोबर भुसा यायचा, भुशाला रसाच्या वाफेचा चिकटपणा यायचा, आणि पंख्यावर त्याचा घट्ट थर बसायचा. दर पंधरा दिवसांनी नाना तो उघडून साफ करायचे. तरी दर हंगामात एक पंखा जळायचाच.

शेवटी कारखान्याने नवा कॉम्प्युटर मागवला. खास कारखान्यांसाठी बनवलेला, धक्के आणि धूळ सोसणारा. तो बसवायला शहरातून एक तरुण इंजिनिअर आला. मोळी पडायला दोन दिवस राहिले होते.

नानांनी खोक्यातून ते यंत्र बाहेर काढलं तेव्हा त्यांना ते विटेसारखं जड वाटलं. सगळं अंग अॅल्युमिनियमचं. पाठीवर उभ्या पट्ट्यांची रांग, नांगरलेल्या शेतासारखी. पंखा नाही, जाळी नाही, हवा आत जाईल अशी फटही नाही.

"साहेब, हा श्वास कुठून घेणार?" नानांनी विचारलं.

तरुण हसला. त्याला हा प्रश्न आवडला.

"हा श्वास घेतच नाही, काका. म्हणून तर भुसा आत जात नाही. आतली उष्णता याच्या अंगातूनच बाहेर पडते. ही वरची पट्ट्यांची पाठ आहे ना, तीच याचा पंखा."

मग त्याने खिशातून एक करडा, रबरासारखा मऊ तुकडा काढून नानांच्या हातावर ठेवला. "सगळी करामत याची. प्रोसेसर आणि ही पाठ, दोन्ही कितीही गुळगुळीत केली तरी त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारे खड्डे राहतात. त्यात हवा अडकते. उष्णतेच्या वाटेत हवा हा फार मोठा अडथळा. अॅल्युमिनियम तिच्याहून हजारो पटींनी भराभर उष्णता नेतं. हा पॅड दोघांमध्ये दाबला जातो, खड्डे भरतो आणि दोघांना चिकटवून टाकतो. चिकटलं की उष्णतेला वाट मिळते."

नानांनी तो तुकडा बोटांत दाबून पाहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, पारदर्शक फिल्म होती.

"आणि हा पापुद्रा?"

"वाटेत धूळ बसू नये म्हणून. लावताना काढायचा."

तरुण कामाला लागला. त्याचे हात सराईत होते. मनगटाला पट्टा बांधून त्याने त्याची वायर अर्थिंगला जोडली. अंगावर साठलेली स्थिर वीज माणसाला जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, आणि चिप त्याच्या कितीतरी आधी मरू शकते. म्हणजे आपल्याला काही कळायच्या आत आपल्या बोटाने ती मेलेली असते. त्याला हे ठाऊक होतं आणि तो ते पाळत होता. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून त्याने तो अलगद खाली सोडला, जराही न दाबता. मेमरीच्या दोन पट्ट्या तिरप्या सरकवून खाली दाबल्या, तशा दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् टक् वाजल्या. डिस्कची च्युइंग गमच्या पट्टीएवढी चिप बसवून तिला एकच स्क्रू लावला. नाना शेजारी बसून पाहत होते. चांगलं काम पाहताना त्यांना नेहमी बरं वाटायचं.

मग पॅडची पाळी आली. नाना म्हणाले, "साहेब, एक विचारू? पॅनेलमध्ये भोकं पाडलीत ती यंत्र आडवं बसेल अशी आहेत. पाठीच्या पट्ट्या आडव्या येतील. गरम हवा वर जाते. पट्ट्या उभ्या असल्या तर ती दोन पट्ट्यांमधून सरळ वर निघेल. आडव्या असल्या तर अडून बसेल, नाही का?"

प्रश्न बरोबर होता. पण पॅनेलला भोकं आदल्याच दिवशी पाडून झाली होती. कारखान्याच्या चीफसाहेबांचे तीन फोन येऊन गेले होते, आणि संध्याकाळी तरुणाला दुसऱ्या कारखान्यावर पोहोचायचं होतं.

"काका, मी हे रोज करतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त बॅटरी धरा."

तो रागाने बोलला नाही. आवाजही चढला नव्हता. पण खोलीत आणखी दोन पोरं उभी होती, नानांच्या हाताखालची. नानांनी बॅटरी धरली आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत.

तरुण पॅड लावत गेला. मेमरीच्या पट्ट्यांना दोन, डिस्कला एक, मागच्या चिपला एक. खालचा पापुद्रा सोलायचा, पॅड चिकटवायचा, वरचा सोलायचा. पापुद्रे एकेक करून पांढऱ्या कापडावर पडत होते. शेवटचा मोठा पॅड प्रोसेसरचा. तो झाकणाच्या आतल्या तांब्याच्या ठोकळ्यावर लावायचा होता. त्याने एक बाजू सोलली, पॅड ठोकळ्यावर दाबला, आणि फोन वाजला. पुन्हा चीफसाहेब. एका खांद्यावर फोन धरून हो-हो करत त्याने झाकण उचललं, पालथं घातलं आणि यंत्रावर बसवलं. मग कोपऱ्याकोपऱ्याने, समोरासमोरचे स्क्रू पाळीपाळीने आवळले. तेही अगदी नियमाप्रमाणे.

टेबलावर २४ व्होल्टचा सप्लाय जोडला. यंत्र सुरू झालं. अर्धा तास चालवून पाहिलं. सगळं ठीक होतं. मग ते मिल हाउसच्या पॅनेलमध्ये गेलं. नानांनी मागच्या हंगामात स्वतः ओढलेली सेन्सरची केबल त्याला जोडली. बेअरिंगचे आकडे पडद्यावर एकामागून एक उमटले. चीफसाहेबांनी नारळ फोडला. तरुणाने कागदावर सही घेतली.

नाना मागे खोलीत कापड आवरत होते. पाच पॅड. प्रत्येकाला दोन पापुद्रे. दहा. कापडावर नऊ होते. त्यांनी पुन्हा मोजले, टेबलाखाली पाहिलं, खोकं झटकलं. नऊच.

ते उठून फाटकापर्यंत गेले. तरुण गाडीत बसला होता, काच वर होती, कानाला फोन होता. नानांना पाहून त्याने हात हलवला. नानांनीही हलवला. मनात आलं, काच वाजवावी. मग मनात आलं, वाऱ्याने उडाला असेल एखादा. आणि त्याच्या मागून आणखी एक वाक्य आलं: तुम्ही फक्त बॅटरी धरा. गाडी निघून गेली.

नानांनी ते नऊ पापुद्रे टाकले नाहीत. चष्म्याच्या घरात ठेवून दिले.

हंगाम सुरू झाला. थंडीचे दिवस होते. यंत्र उत्तम चाललं. भुसा त्याच्या पाठीवर बसायचा, पोरं फडक्याने पुसून टाकायची. पंखा नाही, आवाज नाही, साफसफाई नाही. चीफसाहेब पाहुण्यांना मुद्दाम तिकडे न्यायचे. नानांना वाटलं, आपलीच मोजणी चुकली. त्यांना थोडं हलकंही वाटलं, आणि थोडं वाईटही.

संक्रांत झाली. उन्हं तापू लागली. फेब्रुवारी संपत आला तसा मिल हाउसच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवेना. आणि यंत्र दुपारी मंद होऊ लागलं. पडद्यावरचा आकडा बदलायला आधी क्षण लागायचा, आता चार-पाच सेकंद लागू लागले. एके दिवशी दोन वाजता ते आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. रात्री मात्र पुन्हा पूर्ववत.

तरुणाला फोन गेला. तो म्हणाला, सप्लाय बदला. बदलला. तो म्हणाला, प्रोग्राम पुन्हा टाका. टाकला. तो म्हणाला, केबलमध्येच दोष असणार, तिथली वायरिंग जुनी आहे.

ती वायरिंग नानांची होती. ते काही बोलले नाहीत. पाळी बदलताना सप्लाय बंद करून त्यांनी केबल मोजली. त्या दोनतारी केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणजे मीटरवर ६० यायला हवेत. ६० आले. केबल निर्दोष होती. नानांनी तो आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली.

दूर बसलेला तो तरुण सगळं तपासायला सांगत होता. फक्त स्वतःच्या हातांनी बसवलेलं यंत्र उघडा, असं त्याच्या तोंडून निघत नव्हतं. आणि ज्याच्या चष्म्याच्या घरात नऊ पापुद्रे होते, तो माणूस यंत्रापासून दहा पावलांवर रोज डबा खात होता.

मग एका दुपारी पडद्यावरचा आकडा थांबला. तिसऱ्या मिलच्या बेअरिंगचं तापमान ५८ दिसत होतं. दहा मिनिटांनीही ५८. पाळीवरच्या पोराला वाटलं, चांगलंच आहे, चढत नाहीये. एक ऑइलमन तेल घालायला तिथून गेला. त्याने जुन्या सवयीने बेअरिंगच्या टोपणावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तो ओरडत धावला. मिल थांबवली.

ती साडेतीन तास बंद राहिली. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग वाढत रस्त्यापर्यंत गेली. तोडलेला ऊस उन्हात पडला की तासागणिक त्याचं वजन घटतं, गोडीही उतरते. तोडकरी बायका गाडीच्या सावलीत पोरांना घेऊन बसल्या होत्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नानांना विचारलं, "किती वेळ अजून?" नानांना उत्तर देता आलं नाही. त्यांनी त्याच्या उसाकडे पाहिलं. पाचट कडकडीत वाळत चाललं होतं.

तरुण त्या रात्री शेवटच्या एसटीने आला. चेहरा उतरला होता. त्याने पॅनेलमधून यंत्र सोडवलं आणि दोघांनी ते खोलीत आणलं. पोरं घरी गेली होती. खोलीत दोघेच होते.

तरुणाने यंत्र टेबलावर सुरू केलं, त्याला भरपूर काम लावलं आणि आतलं तापमान पडद्यावर आणलं. आकडा चढत गेला. ७०. ८५. ९४. शंभराच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच मंद होतो. त्याहून चढलं तर बंदच पडतो.

"आत आग लागल्यासारखं झालंय," तरुण पुटपुटला.

नानांनी हात पुढे करून यंत्राच्या पाठीवर ठेवला. मग त्याचा हात धरला आणि तोही तिथे ठेवला.

पाठ जेमतेम कोमट होती.

"आत आग," नाना म्हणाले, "आणि अंग थंड. असं कसं?"

तरुण गप्प झाला. त्याचा हात तसाच राहिला. उष्णता आत होती आणि बाहेर येत नव्हती, म्हणजे वाट कुठेतरी अडली होती. त्याला आता ते कळलं होतं. पण कुठे, ते कळायच्या आधीच नानांनी जमिनीवर पांढरं कापड अंथरलं, चष्म्याचं घर उघडलं आणि एकेक पापुद्रा ओळीने मांडला. नऊ.

"दहावा आत आहे," ते म्हणाले.

बराच वेळ मिलचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

एवढं बोलून नाना थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही, ते खरं नाही," ते म्हणाले. "मला राग आला होता. पोरांसमोर बॅटरी धरायला लावलंत, त्याचा. म्हटलं, बघू या मोठ्या साहेबाचं काय होतं ते. मग थंडीत चांगलं चाललं, तेव्हा सांगायची लाज वाटली. मग बिघडलं, तेव्हा तर जास्तच वाटली. आज तो म्हातारा मला विचारत होता, किती वेळ अजून. त्याच्या उसाचं वजन माझ्या रागापायी गेलं."

तरुण खाली, कापडाशेजारी बसला.

"मी परवाच यायला हवं होतं," तो म्हणाला. "आतलं तापमान मला तिकडूनही बघता आलं असतं. बघितलं नाही. माझंच चुकलं असेल तर, अशी भीती होती. म्हणून तुमच्या केबलवर ढकललं."

"केबल ६० दाखवते," नाना म्हणाले.

"माहीत आहे. ती केबल तेव्हाच पाहिली होती मी. अशी ओढलेली केबल फार कमी ठिकाणी दिसते. बोललो नव्हतो, एवढंच."

दोघांनी मिळून यंत्र उघडलं. सप्लाय काढला, मनगटाला पट्टा बांधला, स्क्रू कापडावर मांडले. झाकण उलटं केल्यावर तांब्याच्या ठोकळ्यावर तो पॅड दिसला, आणि त्याच्यावर तो पापुद्रा, जिथल्या तिथे. उष्णतेने तो धुरकट झाला होता आणि त्याला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. प्रत्येक सुरकुतीखाली हवेचा एक कप्पा होता. प्रोसेसर आणि पाठ तीन-चार महिने एकमेकांवर दाबून बसले होते, पण चिकटले मात्र नव्हते.

तरुणाने नखाने कोपरा उचलला. पापुद्रा अगदी हलक्या आवाजात निघाला. त्याने तो नानांच्या हातात दिला. नानांनी तो ओळीत ठेवला.

जुना पॅड दबून गेला होता, म्हणून पिशवीतला नवा घेतला. एक बाजू सोलली, लावला, दुसरी सोलली. दोन पापुद्रे कापडावर आले. तरुणाने स्वतःहून मोजले. मग तो झाकण हातात घेऊन थांबला.

"नाना," तो म्हणाला. पहिल्यांदाच नाना म्हणाला. "लावण्याआधी सांगा. आणखी काय दिसतंय तुम्हाला?"

नानांना खूप काही दिसत होतं. ते एकेक सांगत गेले. पाठीच्या पट्ट्या उभ्या हव्यात. भोकं नवी पाडावी लागतील, पाडू. पॅनेलमध्ये यंत्राच्या वर-खाली हात जाईल एवढी मोकळी जागा हवी, नाहीतर हवा वर कुठे जाणार. केबल वरून येऊन सरळ यंत्रात शिरते. पॅनेलवर वाफेचं पाणी गळतं, ते वायरीवरून घरंगळत थेट कनेक्टरमध्ये जाईल. म्हणून वायरीला आधी खाली झोल द्यायचा, मग वर घ्यायची. पाणी झोलाच्या टोकाशी ठिबकून जातं. अर्थिंगची वायर रंगावर आवळली आहे. रंग खरवडून धातूवर आवळायला हवी.

तरुण वहीत लिहून घेत होता. मध्येच तो म्हणाला, "हे मॅन्युअलमध्येही आहे, पट्ट्यांचं. चित्र काढून दाखवलंय. मी वाचलं होतं."

"मग बरंच झालं," नाना म्हणाले. "तुझं पुस्तक आणि माझे डोळे एकच सांगतात. ते झाकण इकडे दे, बाळा. तू धर, मी स्क्रू लावतो. समोरासमोरचे ना?"

"हो. एकदम आवळायचे नाहीत. थोडे थोडे."

पहाटे चार वाजता यंत्र पुन्हा सुरू झालं. पुन्हा तेवढंच काम लावलं. आकडा चढला आणि ६८ वर जाऊन थांबला. दोघे पाठीवर हात ठेवून बसले होते. आधी काहीच कळलं नाही. मग तळव्याखाली हळूहळू ऊब आली, सकाळच्या उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखी.

"आलं बाहेर," तरुण म्हणाला.

त्या पापुद्र्याला दोष देता येणार नाही. कारखान्यापासून कारखान्यापर्यंतच्या प्रवासात त्यानेच पॅडला धुळीपासून जपलं होतं; तो नसता तर पॅड आधीच वाया गेला असता. फक्त मुक्कामाला पोहोचल्यावर तो सोलायचा राहिला. माणसाचा मानही असाच त्याला जपत आणतो, तरुणाला त्याच्या हुशारीचा आणि म्हाताऱ्याला त्याच्या वयाचा. साहेब, काका, दोन्ही शब्द आदराचेच होते, आणि त्या दोघांच्या मध्ये तेच राहून गेले होते. शेजारी शेजारी बसून दोघे एकच काम करत होते, आणि एकाचं दुसऱ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं.

सकाळी नवी भोकं पाडली. यंत्र उभं बसवलं. वायरीला झोल दिला. अर्थिंगखालचा रंग तरुणाने स्वतः खरवडला, धातू चकाकेपर्यंत. चीफसाहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं होतं? तरुणाने तोंड उघडलं आणि नानांनीही. दोघे एकदमच म्हणाले, "माझी चूक झाली." चीफसाहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

तरुणाला सकाळच्या गाडीने परतायचं होतं. तो गेला नाही. दुपार पाहायची होती.

दोन वाजले. पत्रा तापला होता. मिल हाउसमध्ये नेहमीसारखं उभं राहवत नव्हतं. दोघे पॅनेलसमोर उभे होते. आकडे क्षणाक्षणाला बदलत होते, ५६, ५७, ५६. आतलं तापमान ८२ होतं, आणि यंत्राच्या पाठीवर आता हात ठेववत नव्हता.

तेवढ्यात कालचा ऑइलमन तेलाचा डबा घेऊन आला. नानांनी त्याला थांबवलं.

"तिसऱ्या मिलच्या बेअरिंगला हात लावून बघ रे. किती आहे?"

ऑइलमनला नवल वाटलं. समोर पडदा असताना कोणी त्याच्या हाताला विचारत नव्हतं. त्याने डबा खाली ठेवला, तळवा फडक्याला पुसला आणि टोपणावर टेकवला. तो मनातल्या मनात मोजत होता, ओठ हलताना दिसत होते. पाच झाले, सहा झाले, तेव्हा त्याने हात काढला.

"साठाच्या आत," तो म्हणाला. "पंचावन्न, सत्तावन्न असेल."

तरुणाने पडद्याकडे पाहिलं. ५७ होतं. त्याने वही काढली, तारीख घातली, आणि पडद्याच्या आकड्याशेजारी ऑइलमनचा आकडाही लिहिला.